आउटलेट कुठं?

स्टुडिओतलं सिंक तुंबलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजला गुन्हेगार ठाऊक झाला. चौकशी नाही, पंचनामा नाही. सिंकमध्ये पांढरं काही दिसलं म्हणजे शिल्पकलावाले. त्याच सिंकमध्ये पेंटिंगवाले वर्षभर ब्रश धुतात, प्रिंटमेकिंगवाले काय ओततात ते त्यांनाच माहीत. पण त्यांचं वाहून जातं आणि आमचं तिथंच बसतं, त्यामुळे नाव आमचं.

खरं सांगायचं तर आमच्यातलं कुणी सिंकमध्ये प्लास्टर ओततच नाही. ओतलं तर काय होतं हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? प्लास्टर वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. जिप्सम हा खनिज दगड साधारण 150 अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पावडर उरते. ती पाण्यात पडली की गेलेलं सगळं पाणी वसूल करते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात, हाताला गरम लागतं आणि पुन्हा दगड. नळ सोडून ठेवला तरी पाण्याखाली ते तेवढ्याच निष्ठेनं घट्ट होतं. म्हणून आम्ही हात बादलीत धुतो, उरलेलं प्लास्टर रबरी वाटीतच बसू देतो आणि वाटी दाबून खापऱ्या काढतो. बादली रात्रभर निवळते, तळाचा गाळ कचऱ्यात जातो. आदल्या दिवशी पहिल्या वर्षाच्या पोरांची मुखवटे बनवायची कार्यशाळा झाली होती. झाली होती, एवढंच मी म्हणते. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

ऑफिसनं प्लंबर पाठवला आणि 'शिल्पकलेचं कुणीतरी सोबत थांबा' असा निरोपही. कुणीतरी म्हणजे मी, कारण सबमिशन तोंडावर आलेलं आणि माझा वेस्ट मोल्ड अजून फोडायचा होता.

वेस्ट मोल्ड म्हणजे फेकून द्यायचा साचा. मातीच्या डोक्यावर आधी प्लास्टरचा एक पातळ थर द्यायचा, त्यात चिमूटभर निळा रंग घालून. त्यावर पांढरा जाड थर. मग आतली माती उकरून काढायची, आत साबण लावायचा, प्लास्टर भरायचं आणि शेवटी बाहेरचा साचा छिन्नीनं टवका टवका उडवायचा. निळं दिसलं की समजायचं, आता जपून, खाली चेहरा आहे. महिनाभर केलेलं नाक या शेवटच्या तासात जाऊ शकतं. त्या तासात माणसाला एकटं सोडावं, अशी माझी अपेक्षा असते.

काका आले, सिंकखाली वाकले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "अरे वा."

प्लंबर 'अरे वा' म्हणाला की समजावं, लवकर सुटका नाही.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"नाही."

"मग कोणी?"

"माहीत नाही."

"तुम्ही तेच करताय ना आत्ता?" माझ्या मांडीवरच्या डोक्याकडे बोट.

"हे वेगळं आहे, काका."

"प्लास्टरच ना?"

यावर काय बोलणार? त्यांनी पान्हा लावून खालचा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वळणाचा पाइप, सोडवला, तो अख्खा बेंड हातात आला, हलवून पाहिला. आत काहीच हललं नाही. मग ते माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले, पाइप मांडीवर घेतला आणि हॅक्सॉनं उभा चिरायला लागले. आता दृश्य असं की दोघं शेजारी शेजारी बसलोय, दोघांच्या मांडीवर प्लास्टर, दोघांना बाहेरचं फोडून आतलं काढायचंय. फरक इतकाच की त्यांना त्याचा पगार मिळत होता.

त्यांचं आधी निघालं. प्लास्टिकच्या दोन फाका बाजूला झाल्या आणि आतून ट्रॅपचं पोट जसंच्या तसं बाहेर आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, वळणदार. पाइप जोडताना राहिलेली आट्यांची रेघसुद्धा उमटलेली. काकांनी ते फडक्यानं पुसलं आणि न विचारता माझ्या मॉडेलिंग स्टँडवर उभं केलं. स्टँड फिरतो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ते फिरवूनही पाहिलं, सगळ्या बाजूंनी, एक डोळा मिटून. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे अजून सांगावं लागतं.

"एक बुडबुडा नाही बघा."

मी बघितलं. नव्हता. आणि नेमका त्याच वेळी माझ्या छिन्नीखाली नाकाचा शेंडा उघडा पडला. त्यात मोहरीएवढं भोक.

"तुमच्यात आहे," काका म्हणाले. "तुम्ही एकदम ओतलंत असणार. हे कसं, हळूहळू गेलंय. थराथरानं."

हेच वाक्य आमचे सर दर सोमवारी म्हणतात. सरांनी म्हटलं की शिकवणं असतं. सिंकखालून आलेल्या माणसानं म्हटलं की अपमान वाटतो, का ते मला सांगता येणार नाही.

"किती वर्षांचा कोर्स?"

"चार."

"आणि मग?"

या प्रश्नाला आमच्या विभागात कुणाकडेच उत्तर नाही, म्हणून मी विषय बदलला आणि तिथं फसले. त्यांच्या धंद्यातलं काहीतरी सांगावं म्हणून सांगितलं, काका, 1917 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला मार्सेल द्युशाँ नावाच्या माणसानं मुतारीचं भांडं पाठवलं होतं. विकत आणलेलं. वर 'आर. मट' अशी खोटी सही.

काकांनी हॅक्सॉ खाली ठेवला.

"भिंतीवर बसवलं होतं?"

"नाही, आडवं ठेवलेलं. पाठीवर."

"पाठीवर? मग आउटलेट कुठं?"

"जोडलेलंच नव्हतं, काका. शिल्प म्हणून होतं."

"ते कळलं. पण पाठीवर ठेवलं तर आउटलेट समोर येणार. बघायला आलेल्या माणसाच्या तोंडासमोर."

मी कलेच्या इतिहासाच्या तासाला द्युशाँवर टिपणं काढली आहेत. ही गोष्ट त्यात नाही.

"मग लोक काय म्हणाले?"

"मांडलंच नाही. फी भरेल त्याचं काम मांडायचं असा नियम होता, तरी नाही मांडलं. पुढं ते हरवलं. आता म्युझियममध्ये आहेत त्या नंतरच्या प्रती."

"हरवलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "चिनी मातीला भंगारात कोण विचारतो? कुणीतरी नेऊन बसवलं असणार. चांगलं भांडं होतं ना?"

शंभर वर्षं समीक्षक लिहीत आहेत आणि हा माणूस दोन वाक्यांत मोकळा.

मला खरं तर रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीबद्दलही सांगायचं होतं. तिनं 1993 साली पूर्व लंडनमध्ये एका घराच्या आतून काँक्रीट मारलं, भिंती काढून टाकल्या आणि घराच्या आतली पोकळी उभी केली. म्हणजे काकांनी पाइपचं केलं तेच, पण घराचं. त्याच वर्षी तिला टर्नर हा ब्रिटनमधला मोठा कलापुरस्कार मिळाला आणि जानेवारी 1994 मध्ये ते काम पाडण्यात आलं. पण तोंडातून शब्द फुटेना. भीती अशी की काका विचारतील, आधी लाइन बंद केली होती का?

आणि रोदाँ या फ्रेंच शिल्पकाराचंही राहिलंच. 1877 साली त्याचा पुतळा इतका हुबेहूब निघाला की लोक म्हणाले, यानं जिवंत माणसावरूनच साचा काढलाय. बिचाऱ्याला मॉडेलचे फोटो जमवून खुलासे करावे लागले. आमच्यावरचा आळ बरोबर उलटा. आम्ही काहीच केलेलं नाही आणि साचा मात्र निघालाय उत्तम. फोटो काढायचे तरी कशाचे?

जाताना काकांनी ते वळण रद्दीत गुंडाळलं. "पोराला दाखवतो," म्हणाले. मी हो म्हटलं, पण मनातून ते मला हवं होतं. नाकाचं भोक मी बुजवलं. ते बुजवलेलं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सूचना लागली. 'शिल्पकला विभागामुळे' असा शब्दप्रयोग, खाली सही, शिक्का. सिंकला आता लोखंडी जाळीचं दार बसवलंय आणि कुलूप. सिंकखाली गाळ अडवणारी टाकी बसवा असा अर्ज आमचे सर किती वर्षं करताहेत, तिला निधी नाही. कुलपाला निघाला. चावी पेंटिंग विभागाकडे, कारण ते 'जबाबदारीनं वापरतात'. टर्पेंटाइन ओतणं जबाबदारीत बसतं वाटतं, कारण ते दिसत नाही. आणि दर वेळी बादली भरायची तर आम्ही त्यांच्या दारात उभं राहायचं, वहीत नाव लिहायचं, 'प्रयोजन' या रकान्यात 'पाणी' असं लिहायचं.

काल कोपरापर्यंत प्लास्टर माखलेली गेले आणि चावी मागितली. आतून एकानं माझे हात बघितले, वही पाठीमागे लपवली आणि म्हणाला, "आधी हात धुऊन ये."