रंग नको, पण इन्सर्ट चालतो? : दगडी फायरप्लेसच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फिलाडेल्फियातील आमच्या घराच्या दिवाणखान्यातील जुन्या दगडी फायरप्लेसचे काम कसे केले, या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. दगडाला रंग लावू नका असे बजावणाऱ्या माणसाने त्याच फायरप्लेसमध्ये गॅसचा इन्सर्ट, म्हणजे पोकळीत सरकवायची गॅसच्या शेगडीची बंद पेटी, बसवावा आणि चिमणीत ॲल्युमिनियमच्या नळ्या सोडाव्यात, ही विसंगती आहे. काळपट दगडामुळे खोली अंधारी वाटते, पांढरा रंग दिला तर ती उजळते आणि घर विकतानाही उपयोग होतो. रंगाच्या एका डब्यात भागणाऱ्या कामासाठी वाचकांना चुना, गवंडी आणि तपासण्या यांच्या खर्चात पाडणे बरे नव्हे. आणि मँटलच्या, म्हणजे फायरप्लेसच्या तोंडावरच्या फळीच्या, वर टीव्ही लावण्याला माझा जो विरोध आहे तो निव्वळ हेका आहे. यातला पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्ची पडणार आहे.

फायरप्लेस मूळ रूपात जशीच्या तशी ठेवावी, असे मी त्या लेखात कुठेही म्हटलेले नाही. तसे म्हणायचे असते तर इन्सर्ट बसवणे ही नक्कीच दुटप्पी वागणूक ठरली असती. कोणताही बदल करण्यापूर्वी मी दोनच गोष्टी तपासतो: पुढे मन बदलले तर तो बदल काढून टाकता येईल का, आणि त्या बदलामुळे भिंतीतल्या ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होईल का. इन्सर्ट या दोन्ही कसोट्यांवर बऱ्याच अंशी उतरतो आणि रंग दोन्हींवर नापास होतो, म्हणून एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार.

आमचा इन्सर्ट डायरेक्ट व्हेंट प्रकारचा आहे. दोन लवचीक नळ्यांपैकी एकीतून ज्वलनासाठी बाहेरची हवा खाली येते, दुसरीतून जळलेला वायू वर जातो, आणि समोर बंद काच असल्यामुळे खोलीतल्या हवेचा त्या ज्वालेशी संबंधच येत नाही. ही लोखंडी पेटी जुन्या पोकळीत सरकवून ठेवलेली आहे आणि कडेची फट झाकणारी चौकट त्या पेटीलाच जोडलेली आहे, त्यामुळे दर्शनी दगडात एकही भोक पाडावे लागले नाही. "बऱ्याच अंशी" असे म्हणण्याचे कारणही सांगतो. नळ्या जाण्यासाठी डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, काढून टाकावी लागते किंवा कायमची उघडी अडकवून ठेवावी लागते, आणि म्हणूनच पोकळीच्या आत एक सूचनापट्टी लावलेली असते, की ही फायरप्लेस इन्सर्टसाठी बदललेली आहे, तिच्यात पुन्हा लाकूड जाळण्यापूर्वी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. परतीचा रस्ता आहे, फक्त त्यावर एक नाका आहे.

उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळण्याची मजा वेगळी असते हे आपले म्हणणे मला मान्यच आहे. पण ती खोली तापवते हा मात्र गोड गैरसमज आहे. जळणाऱ्या लाकडातील उष्णतेपैकी खोलीला मिळणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो, आणि धुराबरोबर चिमणी खोलीतली तापलेली हवाही वर ओढून नेते, त्यामुळे आतले हीटिंग चालू असेल तर शेजारच्या खोल्या उलट गार पडतात. हे दुखणे नवे नाही. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, या शास्त्रज्ञाने 1796 च्या सुमारास यावरच निबंध लिहून पोकळी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या कराव्यात आणि धुराचा गळा अरुंद करावा असे सुचवले होते. आमची पोकळी खोल आणि चौकोनी आहे. रम्फर्डच्या पद्धतीने ती नव्याने बांधायची तर आतली सगळी वीट फोडावी लागली असती, आणि इन्सर्टपेक्षा तोच बदल कितीतरी अधिक कायमचा ठरला असता.

आता रंगाकडे वळतो. फिलाडेल्फियाच्या वायव्येकडील जर्मनटाउन, माउंट एअरी, चेस्टनट हिल या भागांतली जुनी घरे ज्या दगडाची आहेत तो विसाहिकन शिस्ट आमच्याही फायरप्लेसला आहे. करडा, मध्येच तांबूस झाक असलेला, अभ्रकाने भरलेला आणि क्वचित गार्नेटचे दाणे दिसणारा हा दगड पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. आधीच्या मालकांनी मँटलच्या खालच्या भागाला क्रीम रंगाचा चकचकीत हात दिलेला होता. तो सुटू लागलेल्या एका कोपऱ्यातला रंगाचा पापुद्रा उचकटून मी उलटा करून पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीवर अभ्रकाचा चमचमता थर तसाच चिकटून आलेला होता. रंग दगडावरून निघत नव्हता, दगडाला सोलून निघत होता. आपण म्हणता तसा "नको वाटला तर काढून टाकू" हा पर्याय या दगडाला उपलब्धच नाही. शिवाय अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरातला रंग खरवडण्यापूर्वी शिशाची चाचणी करणे भाग असते. आणि पूर्वी सर्रास वापरली जाणारी मिथिलीन क्लोराइडची रंगनाशके 2019 पासून घरगुती ग्राहकांना विकता येत नाहीत. राहतो तो रंग सैल करणाऱ्या, कागदाखाली झाकून ठेवायच्या लेपाचा संथ मार्ग, आणि त्याची मजुरी रंगाच्या डब्याच्या किमतीत बसत नाही.

ओलीचा मुद्दा याहून गंभीर आहे. आमची चिमणी बाहेरच्या भिंतीत आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी वरच्या टोपीच्या भेगांतून आणि छपराच्या सांध्यातून थोडेफार दगडकामात उतरतेच, आणि ते दरजांतल्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतल्या, चुन्यातून हळूहळू खोलीच्या बाजूने वाळते. वर प्लास्टिकसारखा थर बसला की पाणी आत अडकते, क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. मग त्यावर पुन्हा रंगाचा हात दिला जातो. दरजा कडक सिमेंटने भरल्या तरी थोड्याफार फरकाने हेच घडते, आणि म्हणूनच जुन्या इमारतींविषयीच्या नॅशनल पार्क सर्व्हिस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनातही दरजांचा मसाला दगडापेक्षा मऊ असावा असे सांगितलेले आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासण्याची हौस आणि नंतर तो काढताना नक्षीची होणारी दशा आपण पाहिली असेलच. इथले प्रकरण फार वेगळे नाही.

मग चुन्याची सफेदी का नको, असे आपण विचारले आहे. चुना श्वास घेतो हे खरे, आणि सच्छिद्र विटेवर तो उत्तम बसतो. पण शिस्टसारख्या घट्ट दगडात तो मुरत नाही, हात लावला की भुकटी होऊन निघतो. आपल्या घरातली फायरप्लेस विटेची असेल तर खुशाल चुना लावावा. आणि सत्तरच्या दशकानंतर पुष्कळ घरांत बसवलेला, साच्यातून काढलेला सिमेंटचा नकली दगड असेल, तर आपण रंगही दिलात तरी माझी हरकत नाही. मात्र चुना असो वा रंग, पोकळीच्या आतल्या विटांवर साधा रंग कधीच लावू नये.

खर्चाबद्दलचा आपला राग मी समजू शकतो. तरीही आमच्या खोलीतला सर्वांत मोठा फरक पडला तो सर्वांत स्वस्त कामामुळे, म्हणजे सफाईमुळे. आधी काजळी टिपणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजाने पुसून घ्यावे, कारण सुरुवातीलाच पाणी मारले तर काजळी दगडात आणखी खोल जाते. त्यानंतर सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ केसांचा ब्रश वापरावा. तारेचा ब्रश आणि ॲसिड दोन्ही वर्ज्य, कारण ॲसिडने दगडातले लोह सुटून गंजासारखे डाग उमटतात. त्यानंतर छतातून दगडावर तिरपा पडेल असा एक दिवा लावला, की अभ्रक स्वतःच उजेड परत देते. खोली उजळायची असेल तर शेजारच्या प्लास्टरच्या भिंतींना रंग द्यावा; तिथे तो कधीही बदलता येतो. तपासणीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकाप्रमाणे चिमणी दरवर्षी तपासावी लागते, आणि इंधन किंवा उपकरण बदलताना आतून कॅमेरा फिरवून दुसऱ्या पातळीची तपासणी करावी लागते. घर विकतानाही हीच तपासणी लागू होते, तेव्हा विक्रीचा विचार करणाऱ्याने रंगाच्या आधी हिच्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत.

टीव्हीबाबत हेका नाही, हिशेब आहे. लाकूड जाळत असाल तर मँटलचे लाकूड फायरप्लेसच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत नसावे, आणि बारा इंचांच्या आत असेल तर दर इंचामागे एक अष्टमांश इंचापेक्षा अधिक पुढे येऊ नये, असा इथल्या बांधकाम संहितेचा नियम आहे; गॅसच्या इन्सर्टसाठी उत्पादकाने दिलेली अंतरे पाळावी लागतात. यावरून वर किती उष्णता जाते याचा अंदाज यावा. वरच्या भिंतीला तासभर हात टेकवता येण्याइतकीच ती तापत असेल आणि मान वर करून बघण्याची तयारी असेल, तर टीव्ही जरूर लावावा. फक्त खुंट्यांची भोके दरजांत पाडून घ्यावीत, दगडात नव्हे. टीव्ही हलवला तर दरज चुन्याने पुन्हा भरता येते.