कौल बदलायला कागद नको, पत्रा बदलायला हवा

मे महिन्यात गावठाणातल्या घराची शाकारणी काढली. मुंबईत अजून कौलारू घर आहे म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटतं. कौतुक करायला काय जातं? दरवर्षी वर चढावं आम्हाला लागतं. यंदा कौलं परतायला चढलेला माणूस पाच मिनिटांत खाली आला. म्हणाला, "दादा, कौलांचं नंतर बघू. वासाच हातात येतोय." दाखवायला एक तुकडा घेऊन आला होता. वरून टणक, आत वाळवीचा भुगा. आईने तो ओटीच्या कडेवर आपटला, पडलेला भुगा पदराने झाडला आणि म्हणाली, "पागोळ्या सुरू व्हायच्या आत उरका."

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "शनिवारी रात्री काढा, सोमवारी सकाळी झालेलं असेल. कोण विचारतंय?" 'कामं करून देणारे' एक गृहस्थही येऊन गेले. परवानगी ते आणणार, आम्ही फक्त खर्चाकडे बघायचं नाही. त्यांचा आकडा ऐकल्यावर मी खर्चाकडेच बघत बसलो.

शेवटी कायदाच उघडला. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३४२. घरात फेरफार करायचा तर नोटीस द्यावी लागते, पण 'टेनन्टेबल रिपेअर्स'ना, म्हणजे राहण्यापुरत्या डागडुजीला, सूट आहे. त्या यादीत गिलावा आहे, रंग आहे, फरशी आहे, मोरी-संडासाची दुरुस्ती आहे, आणि चक्क त्याच सामानाने छप्पर बदलणंही आहे. म्हणजे कौलाच्या जागी कौल घालायला कागद लागत नाही! इतकी वर्षं आमच्या गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलंच तर त्या गृहस्थांना असेल.

सूट कशाला नाही, तेही तिथेच लिहिलंय. घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारा भाग बदलणं किंवा काढणं, पोटमाळा घालणं, छप्पर सपाट करणं, वेगळ्या सामानाने छप्पर दुरुस्त करणं. आता वासा हा छपराचा भाग की भार पेलणारा? मधल्या माणसांचं पोट याच प्रश्नावर चालतं. आमची एक आर्किटेक्ट मैत्रीण म्हणते, वासे-रिपा छपरातच धरायच्या, पण तुळईला किंवा खांबाला हात लावलास तर आधी इंजिनिअर बोलाव. तुळई धडधाकट निघाली, त्यामुळे आम्ही सुटलो.

खरी गोम मागच्या बाजूला आहे. स्वयंपाकघरावर वडिलांनी घातलेले सिमेंटचे पत्रे आहेत, म्हणजे ॲस्बेस्टॉस. दोन तडकलेत. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो हे जगजाहीर आहे, तरी आपल्याकडे या पत्र्यांवर अजून बंदी नाही. म्हणून कलमाप्रमाणे मी नवे ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणून ठोकले तर ते 'त्याच सामानाने', कागदाची गरज नाही. रंगीत लोखंडी पत्रा घालायचा तर सामान बदललं, परवानगी काढा! आईच्या चुलीवर तेच विष पुन्हा घालायला मोकळीक, आणि काढून टाकायला फाइल.

नियम का आला ते कळतं. आमच्याच गल्लीत आधी पत्रा, मग स्लॅब, मग 'जरा एक खोली' करत दोन मजले चढलेले मी पाहिलेत. पण मजला चढतो तो उंचीने, पत्र्याच्या जातीने नाही. तर उंचीच धरा ना! आढ्याची आणि वळचणीची उंची मोजा, काम करण्याआधी आणि नंतर फोटो घ्या, इंचभर वाढली तर खुशाल पाडा. तेवढ्या मापात कुणी काय घालतंय याच्याशी कशाला देणंघेणं?

(मुंबईबाहेरच्यांसाठी: एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम ४३. बाहेरून घराच्या रूपात फारसा फरक पडत नसेल अशा देखभालीला परवानगी लागत नाही. कौलं जाऊन निळा पत्रा आला तर तो 'फारसा' फरक की कसं, यावर तुमच्याकडेही वाद होणारच.)

पुढचं छप्पर झालं. जुनी कौलं उतरवताना काही पालथी केली तर मागे बासेल मिशनचं, म्हणजे मंगलोरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या मिशनऱ्यांचं, नाव आणि १८६५. काका लगेच म्हणाले, "बघ, घर दीडशे वर्षांचं!" ते घराचं नाही, मंगलोरच्या कारखान्याचं स्थापनावर्ष आहे हे त्यांना अजून पटलेलं नाही. शाबूत निघाली तेवढी परत चढवली, कमी पडली ती पाडकामातून आणली.

मागच्या पत्र्यांसाठी अर्ज दिलाय. माप आणि फोटो जोडलेत. परवानगी आली की पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे असं कामगारांना बजावून ठेवलंय. तोवर वर निळी ताडपत्री, आणि खाली आईने गॅसची शेगडी दोन हात सरकवून घेतली आहे.