फाशीवर गरजा, कोठडीवर घसा बसवा

निवडून आलात, अभिनंदन! आता एखाद्या शुक्रवारी दुपारी फाशी रद्द करण्याचा खासगी ठराव येईल. घाबरू नका, तोवर निम्मं सभागृह विमानतळाकडे निघालेलं असतं.

1958 मध्ये राज्यसभेत खुद्द पृथ्वीराज कपूर यांनी असा ठराव मांडला होता. चर्चा झाली आणि ठराव मागे घेतला गेला. पुढे विषय विधी आयोगाकडे गेला. एवढ्या अवाढव्य, कमी शिकलेल्या देशाला हा प्रयोग परवडणार नाही, असा अहवाल 1967 मध्ये आला. 2015 मध्ये आयोगाचं मत फिरलं. दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशी नको, असं तो म्हणाला. तुम्ही जुनाच अहवाल वाचा. फाशीच रद्द करा, असं बाबासाहेब संविधान सभेत म्हणाले होते, हे कुणी काढलंच तर जयंतीचा मंडप केवढा घालणार ते सांगा.

विधानसभेत असाल तर आणखी सोपं. 2021 मध्ये फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक आपल्याकडे एकमताने मंजूर झालं. फाशी वाढवायला सगळे पक्ष एका बाकावर येतात.

छळबंदीचं मात्र जपून. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण 1997 मध्ये सही केली. अनुमोदनाचं तेवढं राहिलंय. मे 2010 मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, तेही किती समंजस! मार खाल्लेल्याने सहा महिन्यांत तक्रार न्यायालयापुढे आणायची, आणि ज्याने मारलं त्याच्यावर खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी हवी. नुसत्या वेदनेला व्याख्येत जागा नाही. गंभीर दुखापत हवी, नाहीतर जिवाला, अवयवाला किंवा आरोग्याला धोका. तळपायावर पट्टा कसा चालवायचा हे पोलिसी खाक्याला ठाऊक असतंच. एवढं करूनही राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडलं. समितीने ते कडक करायला सुचवलं, आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर तेही विसर्जित. विरोधाचं एक मतसुद्धा खर्ची पडलं नाही, हे शिकण्यासारखं.

एक अडचणीचा मुद्दा येईल. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पक्की केली, उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं. भरपाई प्रत्येकी पाच लाख. यावर उत्तर देत बसू नका. ‘तुमच्या घरात असं घडलं असतं तर?’ असं ओरडा आणि अध्यक्षांची घंटा वाजेपर्यंत ओरडत राहा.