कायोटी येत नाही? अहो, तो येऊन गेला

गेल्या दोन आठवड्यांत एकच फॉरवर्ड मला चार वेळा आला, टेक्सासमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर त्यावर टाळ्यांचा पाऊस. "कायोटी कॉलला येत नाहीत? शिकाऱ्यांसाठी रामबाण उपाय!" आणि खाली मुद्दे. (कायोटी म्हंजे इथला कोल्ह्यासारखा जंगली प्राणी, आणि कॉल म्हंजे सशाच्या रडण्यासारखे आवाज काढून त्याला जवळ बोलावणं.) म्हणणं थोडक्यात असं की कायोटी हल्ली शहाणे झालेत, म्हणून हे आवाज वाजवणारं महागडं मशीन घ्या, आवाज फुल्ल ठेवा, बारा महिने सशाचंच रडणं वाजवा, एका जागी तासभर बसा, आणि जितके माराल तितके कमी होतील. शेवटी एक बोनस टीप पण आहे, ती वाचून तर डोकंच फिरलं, तिच्यावर नंतर येतो.

मी काही मोठा शिकारी वगैरे नाही. टेक्सासात सॅन अँजेलोच्या बाजूला एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं मेंढ्या-बकऱ्यांचं रँच आहे, सात-आठ हिवाळे झाले त्याच्यासोबत बसतोय, बंदूक बहुतेक वेळा त्याच्याकडे आणि थर्मास माझ्याकडे. पण थर्मास घेऊन बसणाऱ्याला बघायला वेळ भरपूर मिळतो.

"कायोटी शहाणे झालेत, आता येतच नाहीत."

पहिल्या हिवाळ्यात मी पण हेच म्हणायचो. एका वीकेंडला आम्ही नऊ जागी बसलो, नऊच्या नऊ कोरड्या. मी म्हटलं इथे कायोटीच नाहीत राव. म्हातारा काही बोलला नाही, नवव्या जागेवरून उठल्यावर ट्रककडे जायच्या ऐवजी मला उलट्या बाजूला घेऊन गेला, आमच्या पाठीमागे शे-दीडशे यार्डांवर एक कोरडा ओढा होता, त्याच्या वाळूत ताजे पंजे. आलेत, थांबलेत, आणि तिथूनच गर्रकन वळून लांब लांब ढांगा टाकत गेलेत. आम्ही दोघं समोर बघत बसलो होतो आणि पाहुणा मागच्या दारानं येऊन, वास घेऊन, परत पण गेला.

फॉरवर्डमधली सगळ्यात मोठी चूक ही आहे की त्यात वारा हा शब्दच नाही. एकदा पण नाही! अहो कायोटी आवाज ऐकून निघतो खरा, पण डोळ्यावर आणि कानावर त्याचा अर्धाच विश्वास, नाकानं खात्री पटल्याशिवाय तो पुढं येत नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यात वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, जिथं आवाजाच्या जागेचा वास थेट त्याच्या नाकात येईल. तिथं त्याला ससा नाही, तुमचा डिओ, काल रात्रीचं बार्बेक्यू आणि ट्रकचं डिझेल मिळतं. मग तो कशाला थांबेल. म्हणून बसायची जागा अशी निवडायची की वाऱ्याखालची बाजू मोकळी असेल, म्हंजे तो वळसा घालताना वास लागायच्या आधी तुम्हाला दिसेल. दोघं असाल तर एकानं फक्त तिकडेच बघायचं. म्हातारा खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवतो, दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवून बघतो. खर्च शून्य.

आणि हो, अंगाचा वास घालवणारा स्प्रे मारला की काम झालं असं पण लिहिलंय त्यात. स्प्रेनं वास थोडा कमी होत असेल, पण कुत्र्याच्या जातीचं नाक आहे ते, त्याला स्प्रेनं फसवणार? कपड्यांचं पण तेच. कायोटीला लाल-हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही, पण नखाएवढी हालचाल लगेच कळते. हजार डॉलरचा कॅमो, म्हंजे झाडीत मिसळणारे कपडे, घालून मान वळवत बसणाऱ्यापेक्षा मळका जुना शर्ट घालून झुडपाच्या सावलीत गप्प बसणारा बरा. ट्रक टेकडीमागे लावायचा, दार आपटायचं नाही, टेकडीच्या माथ्यावरून आभाळाला टेकल्यासारखं चालत जायचं नाही. निम्मे स्टँड, म्हंजे एका जागी बसायच्या खेपा, तर बसायच्या आधीच फुकट गेलेले असतात.

"महागडा इलेक्ट्रॉनिक कॉलर (आवाज वाजवणारं मशीन) घ्या आणि आवाज फुल्ल ठेवा."

ह्याच टेक्सासात मार्बल फॉल्सचे बर्नहॅम बंधू १९५० च्या दशकात तोंडानं फुंकायचे साधे कॉल विकत होते आणि त्यावर लोकांनी भरपूर कायोटी बोलावले. तेव्हा मशीन नाही म्हणून येत नाही, हे काही खरं नाही. पण मशीनला नावं पण ठेवणार नाही, त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. तोंडानं फुंकलं की कायोटीची नजर सरळ तुमच्यावर येते, मशीन चाळीस-पन्नास यार्ड लांब, वाऱ्याचा अंदाज घेऊन ठेवलं तर तो तिकडे बघतो आणि तुम्हाला हात हलवायला जागा मिळते. हा फायदा फॉरवर्डमध्ये नाही, फक्त "फुल्ल" आहे.

शांत सकाळी कायोटीला मैलभर लांबचा आवाज ऐकू येतो. तो दोनशे यार्डांवर झोपला असेल आणि तुम्ही एकदम कर्णा लावला तर तो येईल की पळेल? सुरुवात हळू करायची, पाचेक मिनिटं काही नाही हललं तर वाढवायचं. वारा जोरात असेल तेव्हा फुल्ल ठीक आहे, तसाही अशा दिवशी म्हातारा घरी बसून डॉमिनो खेळतो.

"बारा महिने सशाचं रडणं, दुसरं काही लागत नाही."

इथे खरी गंमत आहे, कारण मुळात "शहाणे झालेत" ही समजूत आली कुठून ते पण ह्यातच कळतं. पिल्लं होतात एप्रिल-मेच्या आसपास, आणि पानगळीच्या दिवसांत, ऑक्टोबरपासून, त्यातली बरीचशी घर सोडून भटकायला लागतात. उपाशी, अनुभव नाही, जागा अनोळखी. तेव्हा सशाचं रडणं लावलं की धावत येतात, नवशिक्याला दोन मिळतात आणि त्याला वाटतं जमलं आपल्याला. जानेवारीत तोच माणूस, तीच जागा, तोच आवाज, आणि काही नाही. भोळे होते ते संपले किंवा शिकले, आणि शिकवलं कुणी, तर आपणच, तोच ससा रोज रोज रडवून.

जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ. तेव्हा पोटापेक्षा हद्द आणि मादी ह्याची फिकीर जास्त, म्हणून तेव्हा कोल्हेकुई चालते, एखादी मादीची लांब हाक, मग दहा मिनिटं गप्प. गप्प बसणं हा पण कॉलच आहे, हे मला कळायला तीन वर्षं लागली. मे-जूनमध्ये पिल्लाच्या रडण्याला आई-बाप जिवाच्या आकांतानं येतात. ते वाजवायला मला स्वतःला आवडत नाही, म्हातारा पण कोकरं जायला लागली तरच वाजवतो, तेवढ्यापुरतं.

बाकी ज्याचं रडणं वाजवायचं तो ससा पण त्याच भागातला असावा हे तर सांगायला नको.

"एका जागी तासभर बसा."

बॉबकॅटसाठी बसा की, मांजराची जात, आरामात येते. कायोटी यायचा असेल तर बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत येतो. तासभर एका जागी कुडकुडण्यापेक्षा तेवढ्यात दोन जागा होतात.

"जितके माराल तितके कमी होतील."

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट ह्यांनी १९७५ मध्ये ह्याचं गणित मांडलं होतं. दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी पूर्ण संपायला पन्नासच्या वर वर्षं लागतील, असं त्यात निघालं. तुमचे सीझनचे पाच-दहा म्हंजे समुद्रातनं तांब्याभर पाणी काढल्यासारखं. जागा रिकामी झाली की बाजूचे येतात. शिवाय त्याच राज्यात हॉपलँडच्या संशोधन केंद्रावर दिसलं की मेंढ्या मारणारे बहुतेक तिथं ठाण मांडून बसलेल्या जोडीतले असतात, कोणीही वाटेवरचा भटक्या नव्हे. म्हणून म्हातारा सरसकट मारत नाही. ज्या बाजूला कोकरू गेलं तिथल्याच जोडीच्या मागं लागतो, बाकी काम त्याचे दोन पांढरे ग्रेट पिरनीज कुत्रे करतात. आणि कायोटी काय फक्त कोकरं खातो का? उंदीर, ससे, टोळ, निवडुंगाची बोंडं, शेतात शिरला तर कलिंगडं पण फोडून खातो. कोल्हा काकडीला राजी ही म्हण कुणीतरी टेक्सासात येऊन लिहिली असावी असं वाटतं.

आता ती बोनस टीप: "सुट्टीत गावी गेलात की हाच आवाज मोबाईलवर लावा, आपले कोल्हे पण येतात."

हे लिहिणाऱ्याला हात जोडून सांगतो, असलं काही करू नका. इथे कायोटीच्या शिकारीला परवानगी आहे, त्यातही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आधी बघून घ्यावे लागतात. भारतात कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हंजे नुसतं मारणं नव्हे, सापळा लावणं, आमिष दाखवणं, तसा प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. "फक्त गंमत म्हणून वाजवलं साहेब" हे वनखात्याच्या माणसाला सांगून बघा. मुंबईच्या खारफुटीत आधीच बिचारे बिल्डिंगांच्या मधे जीव मुठीत धरून जगतायत, त्यांना कशाला बोलावताय.

ज्या भावानं हा फॉरवर्ड मला चौथ्यांदा पाठवला, त्याला मी एवढंच विचारलं की मागच्या वेळी बसला होतास तेव्हा वारा कुठून होता. परवापासून मेसेज वाचल्याच्या निळ्या टिक दिसतायत, उत्तर नाही.