लिंबाला लागलेला अंगठा

गेल्या शनिवारी, मुलीच्या शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात, सुमारे चारशे माणसांच्या देखत, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारून मला लिंबू-चमच्याच्या शर्यतीतून अपात्र ठरवण्यात आले. धावताना माझा अंगठा लिंबाला लागला होता, असा आरोप होता. तो लागला नव्हता. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण घरी, कचेरीत आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये हेच सांगून झाले असून अजून एकाही चेहऱ्यावर मला विश्वासाची रेषा दिसलेली नाही.

चमचा तोंडात धरला असता तर हा प्रसंगच ओढवला नसता. आमच्या लहानपणी तो तोंडातच धरत आणि हात पाठीमागे बांधत, त्यामुळे अंगठ्याच्या चारित्र्याविषयी शंका घ्यायला जागाच उरत नसे. परंतु या शाळेच्या पालकवर्गात दंतवैद्य बरेच असल्याने दोन वर्षांपूर्वी चमचा हातात आला. शिवाय पालकांच्या शर्यतीचे गुण आता मुलांच्या हाउसला मिळतात, सर्वाधिक गुणांच्या हाउसला फिरता चषक मिळतो आणि त्या चषकाचा फोटो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात जातो. म्हणजे माझ्या हातातले ते लिंबू हे साधे लिंबू नव्हतेच. मी दुसरा आलो होतो, हेही येथे नमूद करतो.

आता त्या गृहस्थांविषयी. नखशिखान्त निळा ट्रॅकसूट, डोळ्यांवर धावपटू घालतात तसा गुंडाळलेला काळा चष्मा आणि गळ्यात स्टॉपवॉच अशा थाटात ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, किंबहुना बसल्या जागी वॉर्म-अप करत होते. मी त्यांना क्रीडाशिक्षक समजलो आणि मुलीची पाण्याची बाटली कोठे ठेवू, असे अदबीने विचारले. ते पालक निघाले. त्यांचा मुलगा सिनियर केजीत होता.

‘‘तुमची मुलगी कुठला गेम करते?’’ त्यांनी विचारले.

खेळ हा ‘खेळण्याचा’ प्रकार असल्याच्या समजुतीत वाढल्यामुळे ‘गेम करते’ हे मला आधी पोलिसी भाषेतले वाटले. अर्थ लक्षात आल्यावर मी म्हणालो, ‘‘खो-खो.’’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी घराण्यातल्या एखाद्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख केल्यासारखे त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘शाळेत?’’

‘‘शाळेत नाही हो, संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर. शाळेत मातीच नाही.’’

‘‘मग ठीक आहे,’’ ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. ‘‘म्हणजे फॉर्मवर येत नाही ते.’’

‘‘पण ती चांगली खेळते.’’

‘‘चांगली खेळत असेल हो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण प्रोफाइल कुठे होतं? बाहेरच्या युनिव्हर्सिटीला तुम्ही खो-खो समजावून कसं सांगणार? एक जण पळतो, आठ जण उकिडवे बसतात. त्यांना वाटेल बसलेत कशाला.’’ थोडे थांबून, हितचिंतकाच्या सुरात त्यांनी पुस्ती जोडली, ‘‘फेन्सिंग बघा. अजून गर्दी नाहीये. आमच्याला आम्ही फेन्सिंग आणि स्क्वॉश दोन्ही दिलंय.’’

‘दिलंय’ हे क्रियापद ऐकून मला पोलिओचा डोस आठवला. तेवढ्यात ‘आमचा’ तेथे आला. साडेचार-पाच वर्षांचे ते पोर नाकातून वाहणाऱ्या शेंबडासह वडिलांच्या मांडीवर चढले आणि त्याने भूक लागल्याचे जाहीर केले. वडिलांनी घड्याळात पाहून, प्रोटीन अकरा वाजता आहे, असे त्याला सांगितले.

मी विषय मोठा करायला नको होता. पण खो-खोला उकिडवे म्हटल्याचे मला लागले होते. या खेळाची नियमावली १९१४ साली आपल्याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारतच जिंकला, असे मी त्यांना ऐकवले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते, हेही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘कुठल्या शाळेचे?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी मान डोलावली. साक्षीदार फुटल्यावर वकील डोलावतो तशी.

याच गृहस्थांनी पाऊण तासाने माझ्याविरुद्ध हरकत नोंदवली. शर्यतीत ते तिसरे आले होते.

हरकतीची सुनावणी ज्या गांभीर्याने झाली ते गांभीर्य मी दिवाणी न्यायालयातही पाहिलेले नाही. गृहस्थांच्या पत्नीने मोबाइलवर शर्यतीचे चित्रण केलेले होते. ते पाहण्यासाठी क्रीडा समन्वयक, मंडपवाल्याकडचा ध्वनिक्षेपकाचा मुलगा आणि सहावी ‘क’च्या वर्गशिक्षिका अशा तिघांचे पंचमंडळ तत्काळ स्थापन झाले. उन्हामुळे पडद्यावर काही दिसेना म्हणून तिघेही एका उपरण्याखाली डोकी घालून उभे राहिले. आतून ‘मागे घ्या’, ‘थांबवा’, ‘हा अंगठा की लिंबाचा देठ?’ असे आवाज येत होते. मी बाहेर पुरावा हातात घेऊन उभा होतो. लिंबू तपासा, त्यावर ठसा उमटलेला नाही, असे मी म्हणालो, तेव्हा उपरण्यातून समन्वयकांचे डोके बाहेर आले आणि ‘‘सर, प्लीज, स्पोर्ट्समन स्पिरिट,’’ असे म्हणून पुन्हा आत गेले. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. ध्वनिक्षेपकाच्या मुलाचे मत मला मिळाले होते. त्या मंडपात खेळातले काही कळणारा तोच एक होता, असे माझे ठाम मत झाले आहे.

वस्तुतः या शाळेत मुलीला घालताना मला सावध व्हायला हवे होते. प्रवेशाची चौकशी करायला गेलो तेव्हा आम्हाला वर्ग दाखवण्याआधी तरणतलाव दाखवण्यात आला. गणित कोण शिकवते, असे पत्नीने विचारले तेव्हा समुपदेशक बाईंनी, तलावाचे पाणी ओझोनने शुद्ध करतात, असे उत्तर दिले. प्रवेशद्वारातच काचेच्या कपाटात चषकांची अशी दाटी होती की काही मागच्या रांगेतल्यांना कधीच उजेड दिसला नसावा. आम्ही भारावलो. मुलगी कसले शिकणार आहे यापेक्षा ती कोठे शिकते हे सांगताना समोरच्याच्या भुवया किती चढतील, याचा हिशेब आम्हीही मनात करत होतो, हे कबूल केले पाहिजे. शाळांच्या क्रमवाऱ्या छापणारी मासिके क्रीडाशिक्षणाला वेगळे गुण देतात, हे मला त्या दिवशी कळले, आणि ज्या मार्कांच्या शर्यतीपासून खेळाने आपल्याला सोडवायचे त्याच शर्यतीत खेळाला उतरवण्याच्या कल्पकतेला मी मनातल्या मनात दादही दिली.

शुल्काच्या पावतीवर ‘क्रीडा विकास’ या नावाने एक स्वतंत्र ओळ असते. विकास कोणाचा, ते पावतीवर नसते. मुलीला आठवड्यात दोन तास खेळाचे आहेत. डिसेंबरात ते संचलनाच्या सरावात जातात, फेब्रुवारीत उजळणीत जातात आणि उरलेल्या दिवसांत कृत्रिम हिरवळीवर एका वेळी एकच तुकडी सोडायची असल्याने सहावी ‘क’ बहुधा कडेला बसून पाचवी ‘अ’चा खेळ पाहते. ही हिरवळ दुपारच्या उन्हात इतकी तापते की बुटाच्या तळव्यातूनही चटका जाणवतो. पूर्वी तेथे माती होती. खो-खोला दोन खांब पुरायला आणि पडल्यावर गुडघा फुटायला माती लागते. खो-खो मॅटवरही खेळतात, विश्वचषकही मॅटवरच झाला, हे मी पालकसभेत मांडले होते. मॅट ड्रोनच्या चित्रणात चांगली दिसत नाही, असे मला सांगण्यात आले. मी हे विनोदासाठी रचलेले नाही.

अर्थात शाळेचे नाव खेळाने होते यात खोटे काही नाही. मुंबईत ते शंभरांहून अधिक वर्षे होत आले आहे. शालेय क्रिकेटच्या हॅरिस आणि गाइल्स ढालीच्या सामन्यांवर तिथल्या कित्येक शाळांची कीर्ती उभी राहिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, त्यात विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, आणि दादरची ती शाळा जगाला ठाऊक झाली. डाव घोषित करा म्हणून प्रशिक्षकांचे सहायक सीमारेषेवरून हातवारे करत होते आणि ही दोघे तिकडे बघतच नव्हती, असे सांगतात. मला त्या कथेतले ते न बघणेच सगळ्यांत आवडते. पण लक्षात घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. हा पराक्रम झाला आझाद मैदानावर, ज्याला कोणत्याही शाळेची भिंत नाही, आणि त्याची तयारी झाली ती शिवाजी पार्कवर, जिथे त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर यांच्या नेटशेजारी माणसे भेळ खात फिरत असत. सचिनची आधीची शाळा वांद्र्याची. क्रिकेटसाठी तो शारदाश्रमात आला. म्हणजे मुलगा खेळाकडे गेला आणि शाळेचे नाव त्याच्या मागोमाग गेले. आमच्याकडे आधी नाव काढतात, मग त्याच्या मापाची मुले शोधतात.

तशी ती शोधली जातात, अशी निदान आमच्या फाटकाबाहेर कुजबुज असते. कपाटातले दोन मोठे चषक जिंकून देणारा मुलगा मुलीच्या वर्गातल्या कोणीही कधी डब्याच्या सुट्टीत पाहिलेला नाही. तो स्पर्धेच्या आधी आठवडाभर येतो. त्याचे शुल्क माफ आहे म्हणे. याबद्दल मला त्या मुलाचा राग नाही, उलट त्याचे शुल्क माझ्या ‘क्रीडा विकास’मधून जात असेल तर त्या ओळीचा अर्थ एकदाचा लागला, असे मी समजेन. पण माझ्या पोरीने दोन वर्षे मंडळाच्या मैदानावर गुडघे फोडून घेतले आणि जिल्ह्याला खेळून आली, तेव्हा शाळेच्या कार्यक्रमात तिचे नाव ‘इतर उपक्रम’ या शीर्षकाखाली, मेंदीच्या स्पर्धेच्या पाठोपाठ वाचले गेले. त्या दिवशी मी काही बोललो नाही. बोललो असतो तर शनिवारी लिंबावरून इतका भांडलो नसतो, असे पत्नीचे म्हणणे आहे. ती मानसशास्त्राची पदवीधर आहे आणि अशा वेळी ते फार आठवते.

निकालानंतर ट्रॅकसूटवाले गृहस्थ हस्तांदोलनासाठी आले. ‘‘पर्सनली घेऊ नका,’’ ते म्हणाले. ‘‘हाउसचा प्रश्न होता.’’ त्यांच्या मुलाचे आणि माझ्या मुलीचे हाउस एकच आहे, ही गोष्ट मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली. माझे दुसऱ्या क्रमांकाचे गुण गेले ते त्यांच्याच पोराच्या हाउसचे गेले होते. हे ऐकून ते दोन क्षण गप्प झाले, त्यांनी गळ्यातले स्टॉपवॉच उगाच सुरू करून बंद केले आणि म्हणाले, ‘‘तरीपण. प्रोसेस इज प्रोसेस.’’ त्यांच्या मागे उभे असलेले ते पोर माझे पुरावा म्हणून जपून ठेवलेले लिंबू चोखत होते. अकरा वाजायला अजून वीस मिनिटे होती.

गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती. सिग्नलला तिने एकच विचारले, की मी भांडताना ‘ठसे’ हा शब्द वापरला होता का. मी हो म्हणालो. तिने हेडफोन लावले.

काल शाळेकडून नव्या वर्षाच्या प्रवेशांचे माहितीपत्रक मोबाइलवर आले. दुसऱ्या पानावर ‘आमची क्रीडासंस्कृती’ या मथळ्याखाली अर्धे पान व्यापून माझाच फोटो आहे: जीभ बाहेर, शर्टाची दोन बटणे उघडी, पाठीमागे हिरवळ आणि समोर चमच्यात ते लिंबू. परवानगी वगैरे कोणी विचारली नाही. पण संतापण्याआधी मी फोटो बोटांनी मोठा केला. अंगठा चमच्याच्या दांड्यावर होता. लिंबू आणि अंगठा यांच्यात स्पष्ट अंतर होते, आणि तेही शाळेनेच छापलेल्या पुराव्यात. मी धावत मुलीच्या खोलीत गेलो आणि मोबाइल तिच्या समोर धरला.

तिने तो हातात घेतला, मी केला होता त्याहून बराच मोठा केला, जवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला आणि मला परत दिला.

‘‘बाबा, लागलाय.’’

ती सावली आहे. तसे मी तिला दोनदा सांगितले.