‘नागरिक नाहीस, मग गप्प बस’: ताईच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला भाचीचा फोन आला. ती ओहायोत एका सरकारी विद्यापीठात एमएस करते. अशा वेळी फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. "मामा, माझा व्हिसा जाईल का रे?" एवढंच ती म्हणाली.

झालं होतं असं. विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात तिचं एक पत्र छापून आलं. रात्री दहानंतरच्या बसच्या फेऱ्या कमी केल्यात, लॅबमधून उशिरा निघणाऱ्या मुलींनी बर्फातून चालत जायचं का, असा साधा सवाल. तिने हौसेने त्याचा फोटो नाशिकला आईला पाठवला. नेमका त्याच दुपारी ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तो वाचून ताईने पोरीला झोपेतून उठवलं आणि सांगितलं, ते पत्र आत्ताच्या आत्ता काढायला लाव.

‘अमेरिकेत मुलं असलेल्या पालकांनी जरूर वाचा’ असं त्या मेसेजचं नाव. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. एक, तिथलं भाषणस्वातंत्र्य फक्त अमेरिकन नागरिकांना. बाहेरून आलेल्यांना बोलण्याचा हक्कच नाही. दोन, ‘भरलेल्या थिएटरात आग आग म्हणून ओरडता येत नाही’ असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, म्हणजे सरकारला न आवडणारं बोलणं गुन्हाच. तीन, तिथे द्वेषाचं बोलणं आणि पुढाऱ्यांचं खोटं बोलणं, दोन्हींना तुरुंग. चार, फेसबुकने पोस्ट काढली तर तो घटनाभंग. पाच, सरकारी कागद मागायचा हक्क फक्त नागरिकांना, आणि त्यांना हवा तो कागद मिळतो.

मी न्यू जर्सीत बावीस वर्षं राहतोय. मी वकील नाही. पण कोर्टाचे निकाल नेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि हा मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला एकही उघडलेला नाही हे पहिल्या ओळीतच कळतं.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला, म्हणून आधी तोच घेतो. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची. तिची सुरुवातच अशी की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, अमुक अमुक कायदा करणार नाही. भाषणस्वातंत्र्यावर, वृत्तपत्रांवर, शांतपणे एकत्र जमण्यावर गदा आणणारा कायदा करणार नाही. ‘नागरिक’ हा शब्द त्यात कुठेच नाही. बोलणारा कोण हे ती बघतच नाही, सरकारने काय करायचं नाही ते सांगते. आपल्याला हा मेसेज लगेच पटतो त्याचं कारण मला वाटतं आपल्या राज्यघटनेत आहे. आपल्या कलम १९ ची सुरुवातच ‘सर्व नागरिकांना’ अशी आहे. शाळेत नागरिकशास्त्रात तेच पाठ केलेलं, म्हणून तिथेही तसंच असणार असं आपण धरून चालतो.

आता हॅरी ब्रिजेस या माणसाची गोष्ट ऐका. जन्म ऑस्ट्रेलियातला, मेलबर्नचा. खलाशी म्हणून फिरत फिरत १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि गोदी कामगार झाला. १९३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्या बंद पाडणारा मोठा संप झाला, त्याचा तो पुढारी. ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. तेव्हापासून सरकार ब्रिजेसच्या मागे लागलं ते दहा वर्षं. तो कम्युनिस्टांशी संलग्न आहे, त्याला देशाबाहेर काढा, असा धोशा. १९४० मध्ये तर प्रतिनिधिगृहाने या एकाच माणसाला हाकलण्यासाठी त्याचं नाव घालून विधेयक मंजूर केलं होतं. शेवटी १९४५ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि पाच विरुद्ध तीन मतांनी ब्रिजेस जिंकला. निकाल मुख्यतः ‘संलग्न’ या शब्दाचा सरकारने ताणलेला अर्थ आणि सुनावणीतली अन्याय्य पद्धत यांवर गेला, हे खरं. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी त्यात स्वच्छ लिहून ठेवलं की या देशात राहणाऱ्या परकीयांनाही भाषणाचं आणि मुद्रणाचं स्वातंत्र्य आहे. ब्रिजेस तेव्हा नागरिक नव्हता. त्याच वर्षी पुढे झाला.

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचंही सांगतो. ३० सप्टेंबर २०२५ ला बॉस्टनच्या फेडरल जिल्हा कोर्टाचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी प्राध्यापकांच्या संघटनेने सरकारविरुद्ध केलेल्या दाव्यात १६१ पानांचा निकाल दिला. प्रश्न हाच होता: कायदेशीरपणे इथे राहणाऱ्या पण नागरिक नसलेल्या माणसाला आमच्याइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे का? उत्तर: निःसंशय, आहे. यंग ऐंशी ओलांडलेले, त्यांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेलं. त्यांना कुणीतरी निनावी पोस्टकार्ड पाठवलं होतं, ‘ट्रम्पकडे माफीचे अधिकार आहेत, रणगाडे आहेत, तुझ्याकडे काय आहे?’ ते पोस्टकार्ड त्यांनी निकालाच्या पहिल्याच पानावर छापलं आणि खाली उत्तर दिलं की एकट्याकडे कर्तव्याची जाणीव सोडली तर काही नाही, पण आपल्या सगळ्यांकडे मिळून राज्यघटना आहे. हे पान मी भाचीला पाठवलं. ताईलाही पाठवलं. जिल्हा कोर्टाचा निकाल हा शेवटचा शब्द नसतो, हेही दोघींना सांगितलं.

आणि इथेच मला एक गोष्ट कबूल करावी लागते, मनाविरुद्ध. ताईची भीती हवेतली नाही. २५ मार्च २०२५ ला मॅसॅच्युसेट्समध्ये रुमेयसा ओझतुर्क या तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला साध्या कपड्यांतल्या, तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यात गाठून पकडलं. तिने केलं काय होतं? विद्यार्थी-वृत्तपत्रात तिघांच्या जोडीने गाझाबद्दल एक लेख लिहिला होता. तिला दूर लुइझियानाला नेलं. सहा आठवड्यांनी, ९ मेला, न्यायाधीशाच्या आदेशावरून ती सुटली. त्याच वर्षी जूनपासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. आणि १९५२ मध्ये हारिसियाडिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने पूर्वी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या परकीयांची हकालपट्टी मान्य केली होती, तो निकाल सरकार आजही पुढे करतं. बोलल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नाही, पण देशाबाहेर काढता येतं का, हा वाद मिटलेला नाही. मेसेजमध्ये एवढंच लिहिलं असतं तर मी त्याला हात जोडले असते. पण ‘धोका आहे, जपून राहा’ वेगळं आणि ‘तुला हक्कच नाही’ वेगळं. पहिलं ऐकून मुलगी वकिलाचा नंबर जवळ ठेवते. दुसरं ऐकून ती बसबद्दलचं पत्र मागे घ्यायला निघते. माझा राग आहे तो यावर.

आता ते थिएटर. हे वाक्य इतक्यांदा फिरलंय की लोकांना तो कायदाच वाटतो. मूळ वाक्य १९१९ चं, शेंक खटल्यातलं, न्यायमूर्ती होम्स यांचं. त्यात ‘भरलेलं’ थिएटर नाहीच, आणि ‘खोटंच’ हा शब्द आहे, जो सगळे गाळतात. थिएटरात खोटंच ‘आग’ ओरडून घबराट उडवणाऱ्याला संरक्षण नाही, असं ते म्हणाले. बरोबरच आहे, कारण आग खरोखर लागली असेल तर ओरडायलाच हवं. पण खटला आगीचा नव्हताच. चार्ल्स शेंक हा फिलाडेल्फियाचा समाजवादी कार्यकर्ता. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध त्याने पत्रकं वाटली. त्या पत्रकांसाठी त्याची शिक्षा कोर्टाने एकमताने कायम केली, आणि थिएटरची उपमा त्यासाठी वापरली.

पुढच्याच आठवड्यात त्याच कोर्टाने, त्याच होम्स यांच्या लेखणीतून, समाजवादी पुढारी युजीन डेब्स यांची दहा वर्षांची शिक्षा कायम केली. डेब्स यांचा गुन्हा म्हणजे जून १९१८ मधलं युद्धविरोधी भाषण. कुठे केलेलं? कँटनला, भाची राहते त्याच ओहायोत. डेब्स इंडियानात जन्मलेले, अस्सल अमेरिकन नागरिक. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मतं मिळवली. १९२१ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सोडेपर्यंत ते आतच होते. आता ब्रिजेसशेजारी डेब्स यांना उभं करून बघा. इथे जन्मलेला माणूस एका भाषणासाठी तुरुंगात गेला आणि परदेशातून आलेला खलाशी सरकारशी लढून जिंकला. मेसेजने नागरिक आणि परका अशी जी सरळ रेघ मारलीय ती कधीच इतकी सरळ नव्हती.

शेंकचा तो दंडक १९६९ मध्ये मोडीत निघाला, तोही ओहायोतल्याच ब्रँडेनबर्ग खटल्यात. तेव्हापासूनचा नियम असा की बोलण्याचा हेतू लगेच, त्याच घडीला बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा असेल आणि ते घडण्याची खरोखर शक्यता असेल, तरच भडकावण्याबद्दल शिक्षा देता येते. बसच्या फेऱ्यांबद्दलच्या पत्राने असं काय भडकणार आहे?

तिसरा मुद्दा तर सपशेल उलटा आहे. अमेरिकेत निव्वळ द्वेषाचं बोलणं गुन्हा नाही. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात, जिथे छळछावण्यांतून वाचलेले ज्यू मोठ्या संख्येने राहत होते, नाझींना मोर्चा काढायचा होता, आणि त्यांच्या त्या हक्कासाठी नागरी हक्कांची संघटना कोर्टात लढली. मला हे पचायला जड जातं. आमच्या जर्सी सिटीत १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ नावाने एक पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आलं होतं, भारतीयांना इथून घालवण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ म्हणून. ‘डॉट’ म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्या काळात होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मरेस्तोवर मारलं. इथल्या जुन्या मराठी बायका अजून सांगतात, दुकानात जाताना टिकली पुसून जायचो. तेव्हा हे नीट समजून घ्या: शिवी दिली म्हणून पोलीस उचलत नाहीत, पण खरीखुरी धमकी आणि मारहाण हे गुन्हे आहेत, आणि ते वंशद्वेषातून केलेले असतील तर शिक्षा वाढते. मेसेजवर विसंबून कुणी नुसत्या शिवीची तक्रार घेऊन गेलं तर हात हलवत परत येईल, आणि मग खरी धमकी आली तरी ‘काही होत नाही’ म्हणून घरी बसेल.

पुढाऱ्यांच्या खोट्याचं म्हणाल, तर प्रचारात खोटं बोलणं गुन्हा ठरवणारा कायदा ओहायोत होता. २०१६ मध्ये अपील कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. फेसबुकचं उत्तर वर आलंच: पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. सरकारने दमदाटी करून कंपनीकडून पोस्ट काढवली तर गोष्ट वेगळी.

राहिला पाचवा. केंद्र सरकारचे कागद मागण्याचा अमेरिकेचा कायदा १९६६ चा, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ४ जुलैला सही केलेला. त्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. नाशिकमधून ताईसुद्धा अर्ज करू शकते. नागरिकत्वाची अट आहे ती आपल्या २००५ च्या माहिती अधिकारात. आणि ‘हवा तो कागद’? कायद्यात नऊ अपवाद आहेत, संसद आणि कोर्टं त्याच्या बाहेर आहेत, उत्तराची मुदत वीस कामाच्या दिवसांची पण प्रत्यक्षात महिनोनमहिने जातात. मी ग्रीन कार्डच्या वेळी माझीच इमिग्रेशनची फाईल मागवली होती. आली तेव्हा कित्येक पानांवर काळे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याशेजारी बारीक अक्षरात कोणत्या अपवादाखाली झाकलंय त्याचा क्रमांक. एका पानावर तर तारीख आणि माझं नाव एवढंच वाचता येत होतं. तरी त्या फाईलमध्ये माझ्या जन्मतारखेची चूक सापडली आणि ती मी दुरुस्त करून घेतली. त्या वेळी मी नागरिक नव्हतो.

विद्यापीठाला तो केंद्राचा कायदा लागू नाही. राज्यांचे कायदे वेगळे, आणि व्हर्जिनियासारखं एखादं राज्य बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकालाही नकार देऊ शकतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय. पण ओहायोचा कायदा उदार आहे. कुणीही कागद मागावा, साधारणपणे नाव विचारत नाहीत, कशाला हवाय तेही विचारत नाहीत, आणि सरकारी विद्यापीठ त्याच्या कक्षेत येतं.

भाचीने पत्र मागे घेतलेलं नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा आणि एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर तिने पाकिटात ठेवलाय, ताईच्या समाधानासाठी आणि माझ्याही. काल रात्री आम्ही दोघांनी फोनवर बसून चार ओळींचा अर्ज लिहिला: गेल्या दोन वर्षांत रात्री दहानंतर किती बस धावल्या, प्रत्येक फेरीत किती जण बसले आणि फेऱ्या कमी करायचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, त्याचे कागद द्यावेत. सोमवारी सकाळी ती तो पाठवतेय.