राणीच्या बागेत आधी झाडं बघा

रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. तिच्या डोक्यात फक्त पेंग्विन. मी तिला आधी गोरखचिंचेपाशी नेलं. तो बुंधा बघून ती थबकलीच. ‘‘मावशी, याच्या पोटात काय आहे?’’ म्हटलं, पाणी. मूळचं आफ्रिकेतलं झाड हे, पावसाचं पाणी खोडात साठवून ठेवतं. फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्याकडे वटवाघळं येतात. वटवाघळं म्हटल्यावर प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली, त्यात पेंग्विन मागेच पडले.

राणीची बाग म्हणजे प्राणी, हे आपण इतकं धरून चाललोय की झाडं नुसती सावलीपुरती उरली आहेत. याचं मला खरंच वाईट वाटतं. १८६२ साली ही बाग सुरू झाली ती झाडांसाठी. आधी शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला ही बाग उभी राहिली. प्राणी नंतर आले. नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी आमच्या घरात अजून ‘राणीचा बाग’च म्हणतात.

‘झाडं काय, कुठेही असतात’ असं मला दर वेळी कोणीतरी ऐकवतं. नाही हो, नसतात! उर्वशीचं झाड तुम्ही रस्त्याकडेला पाहिलंय का? मूळचं म्यानमारचं, आणि तिथल्या रानातही आता फार दुर्मीळ. तिची कोवळी पानं आधी तांबूस-गुलाबी, मऊ, झुंबरासारखी खाली लोंबतात आणि मग हिरवी होऊन ताठ होतात. फुलांचे लाल घोस लांब देठांवर लटकतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. दुसऱ्या देशातून प्राणी आणता येईल, शंभर वर्षांचं झाड कुठून आणणार?

म्हणूनच २००७ च्या सुमारास बागेच्या फेररचनेचा आराखडा आला तेव्हा जे नागरिक झाडांच्या बाजूने उभे राहिले, त्यांचं मला मोठं ऋण वाटतं. त्यांनी नुसता विरोध केला नाही, इथल्या वृक्षांची नोंद केली, लोकांना ती दाखवली. झाडाचं नाव माहीत असलं की ते तोडायचं म्हटल्यावर माणूस गप्प बसत नाही.

शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलांची रांग पिंजऱ्यावरून पिंजऱ्याकडे पळवली जाते. बाईंनो, सरांनो, अर्धा तास झाडांना द्या ना. पाच झाडं पुरेत.

कैलासपतीखाली एक आजी चपला काढून उभ्या होत्या. याची फुलं थेट खोडावर येतात, आणि फुलात पिंडीवर नागाने फणा धरावा तसा आकार दिसतो. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आजींना त्याचं काय! त्यांनी खाली पडलेलं एक फूल उचलून भाचीच्या ओंजळीत ठेवलं. पेंग्विन बघून झाले, बाहेर पडलो, तरी तिने ते सोडलं नव्हतं. गाडीत शेजारच्या बाई विचारत होत्या, कसला गं हा वास?

बुधवारी बाग बंद असते. बाकी कुठल्याही दिवशी, शक्यतो सकाळी जा.